सवयींतून रोग शोधणारे डॉक्टर : वसंत रामजी खानोलकर

खानोलकर म्हटले की आपल्या मराठीच्या वर्गाला एकच खानोलकर आठवतात. चिंतामण त्र्यंबक, म्हणजेच आरती प्रभू. मलाही तेवढेच ठाऊक होते. ग्रंथालयात विश्वकोशाचे खंड चाळताना त्याच आडनावाचे दुसरे एक गृहस्थ भेटले, आणि ते कवी नव्हते, डॉक्टर होते. तेही रोग्याची नाडी पाहणारे डॉक्टर नव्हेत, तर रोग्याच्या शरीरातून काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहणारे. या शास्त्राला मराठीत विकृतिशास्त्र म्हणतात, आणि डॉ. वसंत रामजी खानोलकर यांना भारतीय विकृतिशास्त्राचे जनक मानले जाते. डॉक्टरी शिकणाऱ्या मुलांना हे नाव माहीत असते. आपण कला शाखेचे विद्यार्थी. आपल्याला त्यांच्याशी काय कर्तव्य, असे कोणी म्हणेल. पण त्यांचे काम जसजसे वाचत गेले तसतसे मला वाटू लागले की हा माणूस निम्मा आपल्याच शाखेचा होता. माणसे काय नेसतात, काय खातात, तंबाखू कशी धरतात, लग्न कोणत्या वयात करतात, कोणत्या जातीत करतात, असले प्रश्न समाजशास्त्राच्या तासाला निघतात. खानोलकरांनी ते कर्करोगाच्या प्रयोगशाळेत विचारले.

त्यांचा जन्म १३ एप्रिल १८९५ चा. घराणे गोमंतक मराठा समाजातले. ज्या समाजाला प्रतिष्ठेसाठी आणि शिक्षणासाठी झगडावे लागले अशा समाजांपैकी हा एक. गायन आणि नाट्य या क्षेत्रांत त्याने महाराष्ट्राला मोठमोठी नावे दिली, हे आपण जाणतोच. विज्ञानातील हे नाव मात्र फारसे कोणी घेत नाही. वसंतरावांचे बालपण कोकणापासून फार दूर, आज पाकिस्तानात असलेल्या क्वेट्टा या लष्करी शहरात गेले. पुढे ते इंग्लंडला गेले, लंडन विद्यापीठातून वैद्यकाची पदवी घेतली आणि १९२३ साली त्याच विद्यापीठाची विकृतिशास्त्रातील एम. डी. ही पदवी मिळवली. त्या काळी एवढे शिकलेला माणूस मुंबईत दवाखाना थाटून बक्कळ पैसा मिळवू शकला असता. ते परतले आणि शिक्षक झाले. आधी ग्रँट मेडिकल कॉलेजात, नंतर परळच्या सेठ गोरधनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजात. १९२६ साली सुरू झालेल्या या दुसऱ्या कॉलेजची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. तिथे शिकवणारे सारे भारतीयच असावेत अशी देणगीदारांची अट होती, कारण सरकारी कॉलेजांतल्या वरच्या जागा बहुधा गोऱ्या अधिकाऱ्यांकडे जात. परळच्या या वास्तूत भारतीय डॉक्टरांना आपणही संशोधन करू शकतो हे दाखवून द्यायचे होते, आणि खानोलकर त्या पिढीचे होते.

आता विकृतिशास्त्रज्ञ नेमके काय करतो, ते थोडक्यात सांगते. शस्त्रक्रियेत काढलेली गाठ किंवा व्रणाच्या कडेचा लहानसा तुकडा त्याच्याकडे येतो. तो तुकडा टिकवण्यासाठी औषधात ठेवतात, मेणात बसवतात, मग त्याचे कागदाहूनही पातळ काप काढून काचपट्टीवर घेतात आणि रंगवतात. निरोगी पेशी शिस्तीत बसलेल्या दिसतात. कर्करोगाच्या पेशी वेड्यावाकड्या, एकमेकींवर चढलेल्या, आपली जागा सोडून आत घुसलेल्या दिसतात. रोग आहे की नाही याचा अंतिम निवाडा इथे होतो. रोग्याला हा डॉक्टर कधी दिसतही नाही. खानोलकरांचे वेगळेपण असे की काचपट्टी पाहून ते थांबले नाहीत. हा तुकडा ज्याचा आहे तो माणूस कोण, कुठला, कसा जगतो, हेही त्यांना हवे होते.

तशी संधी १९४१ साली आली. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. पुढल्याच वर्षी दोराबजीही गेले. त्यांच्या विश्वस्त निधीतून परळला २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा मेमोरियल रुग्णालय उघडले, आणि तेथील प्रयोगशाळांची व संशोधनाची धुरा खानोलकरांकडे आली. भोवताली गिरण्या, चाळी, कामगारांची वस्ती. देशाच्या कानाकोपऱ्यातून रोगी येऊ लागले. गुजराती व्यापारी, कोकणी कामगार, देशावरचा शेतकरी, पारशी बाई, बिहारी हमाल, आंध्र किनाऱ्यावरची कोळीण, असा सारा हिंदुस्थानच एका इमारतीच्या दारात उभा होता म्हणा ना.

त्या काळात एक समजूत रूढ होती. हिंदुस्थानात कर्करोग फार क्वचित होतो, तो सुधारलेल्या पाश्चात्त्य देशांचा रोग आहे, असे पुष्कळ जाणकारही मानत. या समजुतीत इथल्या साध्यासुध्या जीवनाचे कौतुक होते, पण त्यामुळे दवाखाने न उघडण्याला निमित्तही मिळे. खरी गोष्ट अशी की प्लेग, पटकी, हिवताप आणि क्षय यांनी माणसे तरुणपणीच मरत, त्यामुळे कर्करोगाच्या वयापर्यंत पोचणारे थोडे. आणि ज्यांना तो होई त्यांपैकी दवाखान्यापर्यंत जाणारे त्याहून थोडे. १९३० नंतरच्या दशकात नाथ आणि ग्रेवाल या डॉक्टरांनी देशातील रुग्णालयांच्या व शवविच्छेदनांच्या नोंदी गोळा करून या समजुतीला पहिला धक्का दिला. टाटा रुग्णालयाच्या नोंदींनी ती पार मोडीत निघाली. रोग होता, भरपूर होता. मात्र तो युरोपातल्यासारखा नव्हता. तिकडे जे अवयव क्वचित बिघडत ते इकडे सर्रास बिघडलेले दिसत, आणि त्यांत पहिला मान तोंडाचा होता.

१९४४ साली खानोलकरांनी मुंबईतील तोंडाच्या कर्करोगाच्या एक हजार रोग्यांचा आढावा अमेरिकेतील एका शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. एक हजार! दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, अवघ्या तीन वर्षांच्या वयाच्या रुग्णालयातून! पुढच्याच वर्षी, १९४५ मध्ये, बी. सूर्याबाई यांच्यासमवेत त्यांनी जो निबंध लिहिला तो मला त्यांच्या साऱ्या कामात सर्वांत मनोवेधक वाटतो. चालीरीतींशी निगडित असलेले भारतातील तीन नवे कर्करोग, असा त्याचा विषय.

त्यांतला पहिला कर्करोग धोतराचा. आपल्या भागातल्या कुणालाही हे वाचून दचकायला होईल. शेतकरी धोतर कमरेला घट्ट कसून बांधतो, त्याच जागी, रोज, वर्षानुवर्षे. घाम येतो, धूळ बसते, कापड घासत राहते. कमरेवर आधी काळसर पट्टा उमटतो, मग कातडी जाड होते, खपल्या धरते, कुठे पांढुरकी पडते. पुष्कळांच्या बाबतीत गोष्ट एवढ्यावरच थांबते. पण काहींच्या कमरेवर त्याच जागी जखम होते, ती भरत नाही, आणि ती कर्करोगाची निघते. पुढे मुंबईच्या डॉक्टरांनी लुगडे-साडी नेसणाऱ्या स्त्रियांतही परकराच्या नाडीच्या जागी हाच प्रकार नोंदवला. माझ्या गावातील म्हाताऱ्या माणसांच्या कमरेवरचा तो पट्टा मी लहानपणापासून पाहत आले आहे. तो करदोड्याचा आणि धोतराचा वण, यापलीकडे त्याच्याकडे कोणी पाहत नाही, आणि बहुतेकांच्या बाबतीत पाहण्याची गरजही पडत नाही.

दुसरा प्रकार खैनीचा. तंबाखू आणि चुना तळहातावर मळून खालच्या ओठाच्या आत धरून ठेवण्याची रीत उत्तरेकडे, विशेषतः बिहारकडे आहे. या लोकांना कर्करोग नेमका खालच्या ओठाच्या त्याच खोबणीत होई. तिसरा प्रकार आंध्रच्या किनाऱ्यावरचा. तिथे चुट्टा नावाची जाड, गावठी चिरूट ओढतात, आणि अनेक बायका तिचे पेटलेले टोक तोंडात धरून ओढतात. ऐकताना खरे वाटत नाही, पण ही रीत फार जुनी आहे. जगात इतरत्र टाळूचा कर्करोग फारसा आढळत नाही. या बायकांना तो टाळूलाच होई, कारण आच तिथे लागे.

या तिन्हींत एक साधे सूत्र आहे. जिथे सवय टेकते, तिथे रोग उगवतो. काश्मिरात थंडीसाठी पोटाशी निखाऱ्यांची कांगडी धरतात आणि तिथे पोटाच्या कातडीला कर्करोग होतो, हे एकोणिसाव्या शतकातल्या मिशनरी डॉक्टरांनी आधीच लिहून ठेवले होते. खानोलकरांनी अशा सुट्या नोंदींना एका प्रश्नाचे रूप दिले. हा देश म्हणजे निसर्गाने मांडलेला प्रयोग आहे असे त्यांनी ओळखले. शेजारी शेजारी राहणारे, एकाच हवेत वाढणारे, पण निरनिराळे खाणारे, नेसणारे आणि आपापल्यातच लग्ने करणारे इतके समाज दुसऱ्या कोणत्या शहरात सापडणार?

म्हणून टाटातील नोंदीत रोग्याचा समाज, भाषा, प्रांत लिहिले जाऊ लागले. त्यातून नकाशा उभा राहिला. पारशी स्त्रियांत स्तनाचा कर्करोग जास्त आणि गर्भाशयाच्या मुखाचा कमी. हिंदू स्त्रियांत गर्भाशयाच्या मुखाचा जास्त. मुसलमान स्त्रियांत तो हिंदूंपेक्षा कमी. पारशी लोक अग्नीला पवित्र मानतात, धूम्रपान त्यांच्यात निषिद्ध, त्यामुळे घशाचे व तोंडाचे कर्करोग त्यांच्यात थोडे.

इथे मी बरीच अडखळले, हे सांगितले पाहिजे. रुग्णालयाच्या कागदावर जात लिहून घेणे ही गोष्ट मला रुचली नाही. आपल्याकडे जातीचा रकाना कशासाठी भरून घेतात आणि त्याचा उपयोग कसा होतो, हे आम्हां खेड्यातून पहिल्यांदा कॉलेजात आलेल्या मुलामुलींना कोणी शिकवावे लागत नाही. शिवाय काळही कोणता! युरोपात वंशशुद्धीच्या नावाखाली लाखो माणसे मारली जात होती, आणि त्या कत्तलीला विज्ञानाचे कपडे चढवणारे डॉक्टरही होते. अशा वेळी एका भारतीय शास्त्रज्ञाने जातीजातींचे रोग मोजावेत?

पण उत्तर त्यांच्या कामातच आहे. खानोलकरांनी रक्ताची शक्यता टाळली नाही, ती तपासली. डॉ. एल. डी. संघवी यांच्याबरोबर त्यांनी मुंबईतील आपसांतच विवाह करणाऱ्या सहा समाजांची सात आनुवंशिक लक्षणे पडताळून पाहिली आणि १९४९ च्या सुमारास ती प्रसिद्ध केली. परंतु कर्करोगाबाबत त्यांनी भर दिला तो सवयींवर. रोग रक्तातून येत असेल तर त्यावर उपाय नाही. जन्म कोणाला बदलता येतो? रोग चालीरीतींतून येत असेल तर चाल बदलता येते. धोतर सैल बांधता येते, चुट्टा उलटी धरण्याचे सोडता येते, ओठातली चिमूट थुंकून टाकता येते. एका समाजाच्या माथी मारलेला रोग असा त्या समाजाच्या हातात येतो. जातीचा रकाना त्यांनी जात ठरवण्यासाठी भरला नाही, जातीच्या आत दडलेली सवय हुडकण्यासाठी भरला, असे माझे मत झाले आहे. आमच्या समाजशास्त्राच्या सरांना ते पूर्णपणे पटलेले नाही. रकाना एकदा कागदावर आला की तो कोण कसा वाचील याची हमी भरणाऱ्याला देता येत नाही, असा त्यांचा मुद्दा आहे, आणि तो खोडून काढण्याइतका माझा अभ्यास नाही.

१९५५ साली संघवी, राव आणि खानोलकर या तिघांनी ब्रिटनच्या प्रसिद्ध वैद्यकीय साप्ताहिकात तंबाखूवर निबंध लिहिला. त्याच्या पाचच वर्षे आधी डॉल आणि हिल यांनी लंडनमध्ये सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचे नाते आकड्यांनी दाखवले होते. मुंबईच्या या तिघांनी तीच रीत आपल्या लोकांच्या तंबाखूला लावली. कर्करोगाचे रोगी आणि कर्करोग नसलेली माणसे, दोघांच्या सवयी विचारून ताडून पाहिल्या. निष्कर्ष असा की चघळणाऱ्याचे तोंड बिघडते, आणि बिडी ओढणाऱ्याची जिभेची मागची बाजू व घसा. सत्तर वर्षे झाली या गोष्टीला. तंबाखूबरोबर चुना का वाईट, हेही आता समजले आहे. चुन्याने तोंडाची आतली त्वचा भाजून निघते आणि तंबाखूतील द्रव्ये लवकर आत शिरतात. तंबाखूत अशी काही रसायने आहेत की ती पेशीच्या गाभ्यालाच धक्का लावतात. १९८५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने चघळण्याची तंबाखू कर्करोगकारक ठरवली. २००४ साली नुसत्या सुपारीच्या विड्यालाही तोच शिक्का बसला. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली. ती किती पाळली जाते हे आपल्या बसस्थानकाच्या भिंती सांगतील.

माझी आजी सकाळी चुलीपुढे बसून मिश्री लावते. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, डबीत भरायची, आणि बोटाने दाताहिरड्यांवर फिरवीत बसायचे. शेतात जाणाऱ्या आमच्या गावच्या निम्म्या बायका असेच करतात. भूक मरते, दात दुखायचे थांबतात, आणि घटकाभर बसायला मिळते. हे तिसरे कारण मला सर्वांत खरे वाटते. माझे चुलत आजोबा गालाच्या कर्करोगाने गेले. गालाच्या आत पांढरा डाग होता, तो वर्षभर तसाच होता, दुखत नव्हता म्हणून कोणी पाहिला नाही. मग तोंड उघडेनासे झाले. घरात बोलणी झाली ती शेताच्या बांधावरच्या म्हसोबाला नैवेद्य चुकल्याची. कमरेच्या चंचीबद्दल कोणी बोलले नाही, कारण चंची सगळ्यांच्याच कमरेला होती. खानोलकरांनी १९४४ साली हजार रोग्यांतून जे लिहून ठेवले, ते आमच्या गावापर्यंत पोचायला रस्ता नव्हता.

त्यांचे पुढील आयुष्य मानसन्मानांचे आहे, ते मी भरभर सांगते. १९४९ साली स्थापन झालेल्या विकृतिशास्त्रज्ञांच्या व सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांच्या अखिल भारतीय संघटनेचे ते संस्थापक अध्यक्ष. १९५२ साली मुंबईत भारतीय कर्करोग संशोधन केंद्र निघाले, त्याचे ते पहिले संचालक. १९६० ते १९६३ मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू. राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक, पद्मभूषण. अणुस्फोटांच्या किरणोत्साराचा माणसावर काय परिणाम होतो हे पाहणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीवर त्यांनी भारताच्या वतीने काम केले. शंभरावर शोधनिबंध त्यांच्या नावावर आहेत.

मात्र एक काम भरभर सांगून चालणार नाही, ते म्हणजे कुष्ठरोगाचे. कर्करोगाइतकाच वेळ त्यांनी या रोगाला दिला. कुष्ठरोग्याला गावाबाहेर काढणारा समाज आपलाच. बाबा आमटे यांनी आनंदवन वसवले त्याच सुमारास खानोलकर प्रयोगशाळेत कुष्ठरोगाच्या अगदी सुरुवातीच्या चट्ट्यांचे काप पाहत होते. कातडीतल्या बारीक मज्जातंतूंच्या टोकांतून जंतू आत शिरतात आणि मज्जातंतूंच्या वाटेने पुढे सरकतात, हे त्यांनी दाखवले. चट्टा बधिर का होतो, याचा उलगडा त्यातून होतो. कर्करोगात आणि कुष्ठरोगात वैद्यकीय नाते काही नाही, पण सामाजिक नाते आहे. दोन्ही रोगांना लोक पाप म्हणत.

माणसाचे मोठेपण त्याच्या विद्यार्थ्यांतही दिसते. पुण्याच्या हुजूरपागेत शिकलेल्या कमल रणदिवे यांनी खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ साली मुंबई विद्यापीठाची पीएच. डी. मिळवली, अमेरिकेत जाऊन शरीराबाहेर पेशी वाढवण्याचे तंत्र शिकून आल्या आणि त्याची प्रयोगशाळा मुंबईत उभी केली. १९७३ साली त्यांनी भारतीय स्त्री-वैज्ञानिकांची संघटना काढली. पुढे नगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात आदिवासी मुलांच्या पोषणाचा अभ्यास केला. २००१ साली त्या वारल्या. त्यांच्यावर स्वतंत्र लेख व्हायला हवा, आणि तो पुढील वर्षी कोणी तरी लिहावा.

डॉ. खानोलकर २९ ऑक्टोबर १९७८ रोजी निवर्तले.

त्यांच्या पद्धतीत एक उणीव होती. रुग्णालयात जो येतो त्याचीच नोंद होते. जो येत नाही, ज्याला परळ कुठे आहे हेच माहीत नाही, तो आकड्यांतून गळतो. दवाखान्यात पारशी जास्त दिसतात ते त्यांना रोग जास्त म्हणून, की त्यांना दवाखाना जवळचा म्हणून? हे ठरवायचे तर साऱ्या वस्तीची नोंद हवी. ते काम पुढच्यांनी केले. १९६३ साली डॉ. जस्सावाला यांच्या पुढाकाराने मुंबई शहराची कर्करोग नोंदणी सुरू झाली, देशातील अशी पहिली. त्यानंतर डॉ. फली मेहता यांच्या चमूने पुणे जिल्ह्यातील १,०१,७६१ खेडुतांची तोंडे तपासली. रोगी येण्याची वाट न पाहता दंतवैद्य घरोघर गेले. आणि १९८७ साली बार्शीला देशातील पहिली ग्रामीण नोंदणी निघाली. बार्शी सोलापूर जिल्ह्यातली, पण तिच्या ३४६ गावांत परंडा आणि भूम हे आपल्या मराठवाड्यातले तालुके आहेत. गावोगाव जायचे, सरपंच, शिक्षक, दाई, दुकानदार यांच्याशी ओळख ठेवायची, कोणाला न भरणारी जखम आहे का, कोणत्या बाईला अंगावरून अवेळी जाते का हे विचारायचे, आणि तपासणीसाठी बार्शीला यायला राजी करायचे. बायकांच्या बाबतीत हे बोलणे काढणेच किती अवघड, हे मी सांगायला नको.

याच पायावर मोठे काम उभे राहिले. त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ सालापासून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांवर एक अभ्यास झाला. १९८२ पर्यंत लातूर याच जिल्ह्याचा भाग होते, तेव्हा या आमच्या मावश्या-आत्याच म्हणायच्या. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग एका विषाणूमुळे होतो, हे खानोलकरांच्या हयातीत सिद्ध झाले नव्हते. त्या शोधाबद्दल जर्मनीच्या हाराल्ड त्सुर हाउजेन यांना २००८ साली नोबेल मिळाले. गावांचे ५२ गट पाडले. काहींत विषाणूची तपासणी, काहींत पेशींची, काहींत नुसते ॲसिटिक आम्ल लावून डोळ्यांनी पाहणे, आणि उरलेल्यांत नेहमीचीच व्यवस्था. २००९ साली निकाल आला : विषाणूची एकच तपासणी झालेल्या गटात या रोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटले. साऱ्या जगाच्या पाठ्यपुस्तकांत हा जिल्हा गेला. पण चौथ्या गटातल्या बायकांना तपासणीविना ठेवणे न्याय्य होते का, यावर पुढे डॉक्टरांमध्येच मोठा वाद झाला. नेहमीची व्यवस्था म्हणजे आपल्याकडे काहीच नसणे, हे ज्यांना माहीत आहे त्यांना तो वाद क्षुल्लक वाटणार नाही. मुंबईच्या झोपडपट्ट्यांतही असाच एक अभ्यास झाला. तिथे ॲसिटिक आम्लाची तपासणी डॉक्टरांनी नव्हे, दहावीपर्यंत शिकलेल्या आणि काही आठवडे प्रशिक्षण घेतलेल्या स्त्रियांनी केली, आणि मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. दहावी शिकलेल्या मुली आमच्या तालुक्यात गल्लोगल्ली आहेत.

याच्या उलट चित्रही आपल्या शेजारीच आहे. बीड जिल्ह्यात ऊसतोडणीला जाणाऱ्या हजारो बायकांची गर्भाशये काढली गेल्याचा प्रश्न २०१९ साली राज्यभर गाजला. त्यांतल्या अनेकींना कर्करोगाची भीती घातली गेली होती. तपासणी झाली असती तर ती भीती खरी की खोटी हे थोडक्या पैशांत कळले असते.

आजही आपल्याकडचा रोगी नंदीग्राम किंवा लातूर एक्स्प्रेसने मुंबईला जातो, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळते का पाहतो, आणि परळच्या त्याच रुग्णालयाच्या रांगेत उभा राहतो. तिथे त्याचा तुकडा काचपट्टीवर जातो, आणि तंबाखू खाता का, कधीपासून, कोणत्या गालात धरता, असे त्याला विचारतात. हे प्रश्न विचारायला ज्यांनी शिकवले त्यांचे नाव त्याला कोणी सांगत नाही. त्याला त्याची गरजही नाही.

राष्ट्रीय कर्करोग नोंदणीचा २०२० साली निघालेला अहवाल मी पाहिला. लोकवस्तीची नोंद ठेवणाऱ्या २८ ठिकाणांची यादी त्यात आहे. महाराष्ट्रातील मुंबई, पुणे, नागपूर, वर्धा, औरंगाबाद, बार्शी ग्रामीण, उस्मानाबाद आणि बीड. ती मी दोनदा वाचली. नांदेड त्यात नाही, लातूर नाही. माझे चुलत आजोबा त्या अहवालाच्या वर्षांतच गेले. ते कोणत्याही रकान्यात नाहीत.